टाकीच्या डावीकडची चांदणी

दादाचं बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

काल संध्याकाळी बागेचं फाटक बंद करून तो माझ्याजवळ आला. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे पाण्याची उंच टाकी आहे, तिकडे बोट करून म्हणाला, “ती बघ शुक्राची चांदणी. टाकीच्या डावीकडे, वीतभर वर. काय लखलखतेय!” आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. टाकी होती. टाकीच्या डावीकडे नुसतं आभाळ होतं. बाकी काही नव्हतं.

मी म्हटलं, “हो रे दादा, छान दिसतेय.”

तेव्हापासून झोप नाही. घरातले केव्हाच झोपले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय, कारण अंथरुणात पडून छताकडे बघण्यापेक्षा हे बरं. आजपासून दादाच्या कामाची वेळ बदलणार आहे. आज तो बागेची फेरी पूर्ण अंधारात मारणार आहे, आणि ती फेरी तळ्याच्या काठाने जाते.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या सार्वजनिक बागेचा रखवालदार. कागदोपत्री त्या पदाचं नाव उद्यान रक्षक असं भारदस्त आहे, पण बागेत खेळणारी मुलं त्याला शिट्टीमामा म्हणतात, आणि त्याला तेच आवडतं. फाटकाजवळ त्याची छोटी केबिन आहे, आणि भिंतीला लागून दोन खोल्यांचं सरकारी घर. नोकरी आहे तोवर घर आहे. निवृत्तीला अजून थोडी वर्षं बाकी आहेत.

या बागेचा एक जुना नियम आहे. ती सूर्य मावळला की बंद होते. आत एकही दिवा नव्हता, कारण तळ्यावरच्या झाडांवर पक्षी मुक्कामाला येतात आणि त्यांना उजेडाचा त्रास होतो म्हणे. त्यामुळे या फाटकाला घड्याळातली ठरलेली वेळ कधी नव्हतीच. हिवाळ्यात लवकर बंद, उन्हाळ्यात उशिरा, आणि मधल्या दिवसांत रोज थोडं थोडं पुढे-मागे. आजची वेळ किती, हे सांगायला मुख्य कार्यालयाकडून दर डिसेंबरात नव्या वर्षाचा एक मोठा तक्ता येतो. तारखेला एक ओळ. ओळीत सूर्याचा उदय, सूर्याचा अस्त, चंद्राचा उदय, चंद्राचा अस्त. खाली वेगळ्या चौकटीत ग्रहांचे उदयास्त, दर दहा दिवसांनी एकदा दिलेले. कार्यालयाला खरं तर फक्त सूर्याचा अस्त हवा असतो. बाकीचं छापखान्याच्या कृपेने आयतं मिळतं.

दादा नोकरीला लागला तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. पहिल्याच वर्षी त्याने एक पराक्रम केला. तक्त्यावरचे आकडे मुंग्यांएवढे. त्याची नजर घसरली आणि त्याने शेजारच्या महिन्याची वेळ वाचली. शिट्टी वाजवून, हाकारे देऊन, फाटकाला कुलूप लावून हा चहा प्यायला गेला. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. आत साहेबांच्या सौ. आणि त्यांच्या तीन मैत्रिणी गजांना धरून उभ्या होत्या.

“मला वाटलं, आता नोकरी गेली,” दादा अजूनही सांगतो. “पण त्या बाई इतक्या हसत होत्या की मला कुलपात किल्लीच घालता येईना.”

त्या दिवशी त्याने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यात ब्लेडने एक लांबट फट कापली, बरोबर एका ओळीएवढी. पुठ्ठा तक्त्यावर ठेवायचा, आजच्या तारखेपर्यंत सरकवायचा, फटीतून एकच ओळ दिसते. वरचं नाही, खालचं नाही. नजर घसरायला जागाच नाही. तो पुठ्ठा झिजला की दुसरा करायचा. आजपर्यंत असे कितीतरी झाले असतील. शेवटचा वहिनींच्या चपलांच्या खोक्याचा आहे.

तक्ता वाचायला मला त्यानेच शिकवलं. सूर्याचं सोपं असतं. चंद्राशी माझी गाडी अडायची. एका ओळीत उदय दुपारचा, अस्त मध्यरात्रीनंतरचा. मी म्हटलं, “म्हणजे आज दुपारी उगवेल आणि आज रात्री इतक्या वाजता मावळेल.”

“झालं! मावळून गेलासुद्धा तो. तू झोपली होतीस तेव्हा.”

“उगवायच्या आधीच?”

“अगं, ओळ म्हणजे तारीख. रात्र नव्हे. तारीख मध्यरात्री बदलते ना? मग हा अस्त आज पहाटेचा, काल उगवलेल्या चंद्राचा. आज रात्रीचा अस्त बघायचा तर खालच्या ओळीत जायचं.” मग हळूच म्हणाला, “मीही पहिलं वर्षभर चुकायचो. कुणाला सांगू नकोस.”

महिन्यातून एकदा चंद्राच्या उदयाच्या जागी आकडा नसतो, नुसती आडवी रेघ असते. चंद्र रोज उशिरा उशिरा उगवतो, त्यात एखादी तारीख त्याला उगवायलाच सापडत नाही. अकराच्या पुढे सरकत सरकत तो थेट मध्यरात्र ओलांडतो. दादा त्याला ‘चंद्राची रजा’ म्हणायचा. “साहेबांनी मंजूर केली बघ. बिनपगारी.”

त्या काळात तो माझ्या लेखी जगातला सगळ्यात हुशार माणूस होता. फाटक बंद झालं की मला भिंतीजवळ उभं करायचा आणि तक्त्यात वाचलेलं आभाळात दाखवायचा. हा गुरू, तो तांबूस मंगळ. शुक्र आज सूर्यानंतर दोन तासांनी मावळणार, म्हणजे जेवण होईपर्यंत दिसेल. “सूर्याचा तक्ता दर वर्षी तोच असतो,” तो सांगायचा. “एखादं मिनिट इकडेतिकडे. गेल्या वर्षीचा लावला तरी फाटक वेळेवर बंद होईल. पण चंद्र आणि ग्रह, त्यांचा नवाच लागतो. ते दर वर्षी वेगळ्या घरी पाहुणे असतात.”

हे वाक्य काल रात्रीपासून माझ्या कानात घुमतंय. पण त्याकडे येते.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. वहिनी बोलक्या, हसऱ्या, आणि हातात सतत काहीतरी असलेल्या. एक दिवस त्या संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन बागेत गेल्या, आणि मग रोजच जायला लागल्या. शिट्टी झाली की दादा फेरीला निघायचा. आत कुणी राहिलं नाही ना, हे बघून मगच कुलूप लावायचं. आणि वहिनी थर्मास घेऊन त्याच्या शेजारून चालायच्या. फाटक, मोठं वडाचं झाड, घसरगुंड्या, मग तळ्याचा काठ, रोपवाटिका आणि परत. सगळ्या बागेला त्या जोडप्याचं कौतुक. रोज फिरायला येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते मोठ्याने म्हणायचे, “अहो शिट्टीमामा, लग्नाला किती वर्षं झाली? आमची ही शेजारच्या बाकावरसुद्धा बसत नाही!”

“तुम्ही चहा नाही ना पाजत,” वहिनी जाता जाता म्हणायच्या.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता सगळं उलटं वाचते. वहिनी नेहमी तळ्याच्या बाजूने चालायच्या. दादाचा हात त्यांच्या कोपरावर असायचा. आणि त्या सारख्या बोलायच्या. “बाकावर दोघं बसलेत हो अजून. अहो, ते बघा, पोराचा चेंडू राहिला. पायरी आहे, थर्मास हलतोय माझा, सावकाश चला.” आम्ही म्हणायचो, काय बडबडी बाई आहे.

पोस्टमास्तर आणखी एक टोमणा मारायचे. “मामा, तुमचा सूर्य आमच्या आधी मावळतो!” कारण दादा शिट्टी लवकर वाजवायला लागला होता. आधी अस्ताच्या दहा मिनिटं अगोदर, मग पंधरा, मग अर्धा तास. त्याचं उत्तर तयार असायचं: “तक्त्यातला अस्त सपाट जमिनीवरचा. आपल्याकडे भिंत आहे, झाडं आहेत, टाकी आहे. आपल्याकडे सूर्य लवकरच जातो.” ऐकणाऱ्याला पटायचं. मलाही पटलं. कुणाच्या मनात आलं नाही की भिंत तीच आहे, टाकी तीच आहे, मग वेळ दर वर्षी आणखी अलीकडे का येतेय.

आमचे बाबा संध्याकाळी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे ते घरातले सगळे दिवे लागेपर्यंत उठायचे नाहीत. आई म्हणायची, दमतात. कुणी पाहुणा आला तरी बाबा बसूनच हात जोडायचे. म्हातारपणी तर दिवसासुद्धा समोरच्या माणसाकडे थेट बघायचे पण बाजूला ठेवलेलं पाण्याचं भांडं त्यांना सापडायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते कधी गेले नाहीत. ‘मला छान दिसतं’ हे त्यांचं पालुपद होतं, आणि वर्तमानपत्र ते खरंच चष्म्याशिवाय वाचायचे.

डिसेंबरात वहिनी लेकीकडे गेल्या. भाचीचं पहिलं बाळंतपण, तिकडे दुसरं कुणी नाही. बाळ आलं, पण नाजूक आहे, वजन हळूहळू वाढतंय. वहिनींना लवकर परतता येणार नाही. जाताना त्यांनी माझ्यावर डब्याचं काम सोपवलं. “संध्याकाळी ने हं. शक्यतो शिट्टीच्या वेळी. आणि जरा त्यांच्याबरोबर चक्कर मार. तुझ्या गुडघ्यांनाही बरं.”

मी डबा नेला. पण मला ऑफिसातून यायला उशीर होतो, मी पोहोचायची तोवर फेरी झालेली असायची. गुडघ्यांचं वहिनी उगीच म्हणाल्या असं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात केबिनच्या खिडकीत दादाचे बूट उलटे ठेवलेले दिसले, चिखलाने माखलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे.

“हे काय रे?”

“नळ फुटला होता रोपवाटिकेत. तिथे उभा राहिलो.”

“पँटसुद्धा?” ती दोरीवर होती, मांडीपर्यंत मातकट.

“मोठा नळ होता. काय, पंचनामा करतेस?” आणि मग नेहमीचं, “झालं सुरू आमचं काळजीवाहू सरकार!”

हे नाव त्याने मला माझी लेक जन्मली तेव्हा दिलं. तिला शिंक आली तरी मी डॉक्टरांकडे धावायचे. आता लेक सोळा वर्षांची आहे आणि तीही मला तेच म्हणते. त्यामुळे घरात माझ्या काळजीला फारसा भाव नाही. हंगामातल्या स्वस्त भाजीसारखी ती रोजच असते.

मग परवा अधीक्षक मॅडमचा आदेश आला. तरुण बाई आहेत, कामसू, बोलायला चांगल्या. लोकांनी तक्रारी केल्या होत्या की ऑफिस सुटून बागेत यावं तर फाटक बंद. ते खोटं नाही. मीच कितीदा म्हटलंय. तर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बाग अस्तानंतर दीड तास उघडी राहणार. मुख्य वाटेवर ठेंगणे दिवे बसवलेत. तळ्याची बाजू पक्ष्यांसाठी तशीच काळोखी ठेवणार, तिकडे लोकांना जायला मनाई. म्हणजे तिथे कुणी गेलं नाही ना, हे बघायचं काम कुणाचं? शिट्टीमामाचं.

मॅडमनी स्वतः विचारलं होतं म्हणे, “तुम्हाला जमेल ना? नाहीतर रोपवाटिकेत दिवसाची जागा आहे, रोपं मोजून द्यायची, घरही तेच राहील.” हे मला पोस्टमास्तरांनी सांगितलं, ते शेजारीच उभे होते.

“मग दादा काय म्हणाला?”

“म्हणाला, मॅडम, ही बाग मी डोळे मिटून फिरू शकतो.” पोस्टमास्तर हसले. “आणि फिरतातही, काय सांगावं!”

काल रविवार होता. मी मुद्दाम लवकर गेले, लेकीला घेऊन. शिट्टी झाली, लोक निघाले, पण दादाने मला फेरीला बरोबर घेतलं नाही. “तुम्ही इथे बसा, मी आलोच,” म्हणून टॉर्च घेऊन निघाला. सूर्य अजून भिंतीच्या वर होता, आणि टॉर्च पेटवलेला. माझ्या लेकीने ते पाहिलं. “आई, मामा दिवसा टॉर्च का लावतो?”

“सवय असेल.”

तो परत आला, कुलूप लावलं, थोडा वेळ फाटकाशी उभा राहिला. उजेड गेला. मग त्याने आम्हाला भिंतीजवळ बोलावलं आणि ती चांदणी दाखवली.

त्याचा चेहरा किती खूष होता! मी कॉलेजात असतानाचा तो. आणि माझी लेक तोंड उघडून “कुठाय?” म्हणणार एवढ्यात मी तिचा हात दाबला. मी म्हटलं, छान दिसतेय. लेक माझ्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, “तासभर तरी राहील. जाताना बघत जा.”

डबा ठेवायला मी केबिनमध्ये गेले. दिवा लावला. तक्ता भिंतीवर होता, त्यावर टाचणीला पुठ्ठा अडकवलेला, फट बरोबर जानेवारीच्या अखेरच्या ओळीवर. खाली ग्रहांच्या चौकटीत शुक्राचा अस्त सूर्यानंतर जवळपास दोन तासांनी. दादा चुकला नव्हता. त्याने अगदी बरोबर वाचलं होतं.

मग मी पुठ्ठा बाजूला केला आणि तक्त्याच्या डोक्यावरचं वर्ष बघितलं. गेल्या वर्षीचं होतं.

यंदाचा तक्ता खणात होता, गुंडाळी, रबर तसंच. दर जानेवारीत जुना काढून नवा लावायचं काम वहिनी करायच्या. या जानेवारीत त्या इथे नाहीत. दादाला वाटलं असणार, जाण्याआधी लावून गेल्या. सूर्याच्या वेळा तर जुळत होत्याच, त्या जुळणारच. आणि वर्ष त्याला दिसलं नाही, कारण तो आता तक्ता बघत नाही, फटीतून ओळ बघतो. पूर्वी पुठ्ठा नजर घसरू नये म्हणून होता. आता पुठ्ठा नसता तरी त्याला तेवढंच दिसलं असतं.

मी गुंडाळी उघडून टेबलावर पसरली. शुक्र यंदा संध्याकाळी नाहीच. यंदा तो पहाटे उगवतो, सूर्याच्या बराच आधी, पूर्वेला.

म्हणजे माझा भाऊ रिकाम्या आभाळाकडे बघून, गेल्या वर्षीची चांदणी मला दाखवत होता. त्याने ती काल पाहिली नव्हती. परवाही नव्हती. मला तर वाटतं, कितीतरी वर्षं तो आधी वाचतो आणि मग बोट करतो. आणि आम्ही बघतो, तिथे चांदणी असते, आम्ही वाहवा करतो. आजवर तक्ता त्याची लाज राखत आला होता.

घरी येताना लेक म्हणाली, “आई, मामाला दिसत नाही का?”

“दिसतं. कमी दिसतं अंधारात.”

“मग तू खोटं का बोललीस?”

 घरी आल्यावर ती आंघोळीला गेली, तेव्हा मी पॅसेजमधला दिवा बंद केला आणि तिच्या वाटेत खुर्ची आडवी ठेवून वाट बघत बसले. ती टॉवेल गुंडाळून आली, खुर्चीपाशी थांबली, वळसा घातला, आणि म्हणाली, “अंधारात काय बसलीयस? आणि ही खुर्ची इथे कुणी ठेवली?”

“दिसली का तुला?”

“न दिसायला काय झालं? एवढी मोठी खुर्ची.” मग तिच्या लक्षात आलं. आजोबांच्या खुर्चीची गोष्ट तिने माझ्याच तोंडून ऐकलीय. ती ओल्या केसांनी माझ्या शेजारी येऊन बसली. “आई, मला दिसतंय गं. सगळं दिसतंय. तू टोपलीत तुझी दोन बटणं तुटलेली जांभळी साडी लपवून ठेवलीयस, तीसुद्धा दिसतेय.”

“साडीला बटणं नसतात.”

“बघ, तुलाही दिसतंय,” म्हणाली, आणि आम्ही दोघी अंधारात हसलो. पण तिला डॉक्टरांकडे नेणार आहे मी. हसली म्हणून सोडणार नाही.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नीट विचार करणारा माणूस आहे, म्हणून कधी कधी त्याचा राग येतो. “सरळ अधीक्षकांना फोन कर,” तो म्हणाला. “उद्या तळ्यात पडला तर?”

“पडलाय,” मी म्हटलं. बुटांचं सांगितलं. ते सांगतानाच मला पहिल्यांदा पुरतं कळलं की तो पडला होता. एकटा. कुणाला हाक न मारता बाहेर आला, आणि बूट काढून, पँट पिळून, केबिनमध्ये वर्तमानपत्राचे बोळे करत बसला.

नवऱ्याचं बरोबर आहे. पण मॅडमना मी सांगितलं तर दादाने कितीतरी वर्षं सांभाळलेली गोष्ट बहिणीने मागल्या दाराने जाऊन फोडली असं होईल. तो मला माफ करेल, मला माहीत आहे. पण माझ्याशी शिट्टीमामासारखं बोलेल, दादासारखं नाही.

वहिनींना फोन करावा तर त्या रात्रीच्या गाडीने निघतील. तिकडे लेक पहिलटकरीण, बाळाला दर दोन तासांनी पाजायचं. मी आई आहे, मला माहीत आहे त्या निघतील आणि गाडीत बसून दोन्हीकडे रडतील. इतकी वर्षं त्यांनी एकट्याने ओढलंय हे. थर्मास घेऊन.

आणि गप्प बसावं? आज मी रजा काढेन, उद्या काढेन, संध्याकाळी तळ्याच्या बाजूने चालेन, बडबड करेन. वहिनींची जागा घेईन. किती दिवस? आणि तो कधीतरी, मी पोहोचायच्या आत, कुणाचं पोर तळ्याकडे गेलं म्हणून एकटा धावेल. धावेलच तो. मुलांसाठी तो डोळे मिटून धावेल.

मॅडम, वहिनी आणि मी, रात्रभर या तिघांमध्ये मी फिरतेय, आणि मघाशी चहा करायला उठले तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौथ्या माणसाचा, खुद्द दादाचा, मी विचारच केला नव्हता. सगळे त्याला सांभाळून घेतात. वहिनी बोलून, पोस्टमास्तर हसून, मी ‘छान दिसतेय’ म्हणून. त्याला खरं कुणी सांगितलेलंच नाही. मॅडमनी जागा देऊ केली तेव्हा तो नाही म्हणाला, कारण त्याच्या हिशेबाने त्याची लबाडी अजून कुणाला कळलेली नाही. चांदणी दिसली ना टाकीच्या डावीकडे! बहिणीने पाहिली, भाचीने पाहिली.

मी ‘हो’ म्हटलं नसतं तर?

पाच वाजून गेलेत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपड्यांची तार आहे, तिच्या थोडं वर ती आलीय. एवढी मोठी, एवढी ठळक, की मघाशी मला वाटलं कुणी गच्चीत दिवा लावलाय. तक्त्यात म्हटलं होतं तशी.

दादा उठला असेल. सकाळच्या फिरणाऱ्यांसाठी तो सूर्याच्या आधी फाटक उघडतो. आत्ता तो चहा टाकून, दाराशी बूट शोधत असेल. पायाने.

मी काय बोलायचं ते ठरवलंय. आधी म्हणायचं, घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. कारण या वेळी माझा फोन म्हणजे त्याच्या काळजाचं पाणी होईल. मग म्हणायचं, दादा, काल तिथे काही नव्हतं. मी खोटं बोलले. तुझा तक्ता गेल्या वर्षीचा आहे, नवा मी टेबलावर पसरून आलेय. आता दाराबाहेर ये, पूर्वेकडे तोंड कर, आणि मला खरं सांग, दिसतेय का. दिसली तर मला आनंदच आहे. नाही दिसली तर नाही म्हण. मी फोन ठेवणार नाही. मग आपण दोघं मिळून दहा वाजता मॅडमकडे जाऊ आणि रोपवाटिकेचं तू बोलशील, मी नाही. मी नुसती शेजारी उभी राहीन. आणि दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, तिघंही, तू, मी आणि लेक.

तो आधी हसेल. म्हणेल, काळजीवाहू सरकार पहाटेच कामाला लागलं वाटतं. मग गप्प होईल. त्या गप्प होण्याला मी रात्रभर घाबरत होते.

चहा निवला. चांदणी अजून तारेच्या वर आहे. उजेड झाला की ती मलाही दिसायची नाही. त्याच्या आत लावते फोन.